भीषण मुरंबा

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मर्व्ह, म्हणजे माझा नवरा, टोस्टचा एक घास घेऊन म्हणाला, "हा मुरंबा भीषण आहे." एवढं बोलून त्यानं बशी उचलली आणि मागच्या दारानं अंगणात चालता झाला. मी हातात किटली धरून तशीच उभी. आमच्या लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. या त्रेचाळीस वर्षांत या माणसाच्या तोंडून मी हा शब्द ऐकलेला नाही. भीषण तर सोडाच, साधं 'वाईट' म्हणायचं झालं तरी त्याच्या जिवावर येतं. आणि मुरंबा तोच होता. आमच्याच झाडाच्या कडू संत्र्यांचा, ऑगस्टमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, दोघांनी मिळून केलेला. साली यानं कापल्या, पाक मी केला. गेले तीन महिने रोज सकाळी तो हाच मुरंबा खातोय. बरणीतलं थोडं मी बोटानं चाटून पाहिलं. चव दरवर्षीसारखीच होती, किंचित कडवट, आणि पाक जरा पुढे गेलेला. पाक दरवर्षीच पुढे जातो, तेव्हा नाही कधी कुणी तोंड उघडलं.

मर्व्ह ट्रामच्या डेपोत फिटर होता. आयुष्यभर मिलिमीटरच्या हिशोबात वागलेला माणूस. संत्र्याच्या साली एकसारख्या कापल्या जाव्यात म्हणून त्यानं लाकडाचा एक साचा बनवलाय. त्यात साल धरायची, सुरी घालायची, की तुकडा बरोबर तीन मिलिमीटरचा पडतो. बोलण्याचंही तसंच. त्याच्या बोलण्यात मोजून चार पट्ट्या आहेत. 'काही वाईट नाही' म्हणजे उत्तम. 'ठीक' म्हणजे सहन होतंय. 'बरं नाही' म्हणजे डॉक्टरला बोलवा. आणि शेवटची पट्टी, 'जरा साधारण'. ती मी दोनदाच ऐकली. एकदा त्याची आई गेली तेव्हा, दवाखान्यातून घरी आला, टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "आजचा दिवस जरा साधारण गेला." दुसऱ्यांदा डेपोत त्याच्या जोडीदाराचा हात यंत्रात सापडला तेव्हा. मला लग्नाचं विचारलं तेव्हाही समुद्राकडे बघत म्हणाला होता, "तू काही वाईट नाहीस." मी तेव्हा पंचविशीची, मूर्ख. आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही. नंतर त्याच्या आईनं मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, तो कुत्र्यालासुद्धा फक्त 'ठीक' म्हणतो." मग मी हो म्हटलं. तेव्हा आज हा माणूस एका बरणीवर भीषण उधळून जातो म्हणजे काय?

या शब्दांचं मला जरा जास्तच कळतं, हेही एक दुखणं. चौदा वर्षांपूर्वी, रानातल्या मोठ्या वणव्यांचा उन्हाळा होऊन गेल्यावर, सरकारनं ठरवलं की रस्त्याकडेचे वणव्याच्या धोक्याचे अर्धगोल फलक बदलायचे, वरच्या टोकाला आणखी दारुण शब्द घालायचे. पण लोकांना कुठला शब्द किती वाईट वाटतो, हे कुणाला ठाऊक? मग आमच्यासारख्या आठदहा बायका नेमल्या आणि प्रत्येकीच्या हातात सात जाड कार्डं दिली. वाईट, गंभीर, भीषण, भयंकर, दारुण, महाभयंकर, प्रलयकारी. घरोघर जायचं, कार्डं टेबलावर मांडायची, आणि विचारायचं: ही चढत्या क्रमानं लावा बघू, आणि सांगा, यातला कुठला शब्द ऐकला तर तुम्ही घर सोडाल. मी आधी घरी बसून शब्दकोश उघडला होता, आपली तयारी असावी म्हणून. तर भीषणचा अर्थ भयंकर, भयंकरचा अर्थ दारुण, दारुणचा अर्थ पुन्हा भीषण. मामाच्या घरून काकाकडे आणि काकाकडून मामाकडे. मर्व्हला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "ट्राम गोल फिरतेय तुझी." लोकांचीही तीच गत. एकानं भयंकर सगळ्यात खाली ठेवलं, कारण त्याची बायको भाजीला मीठ जास्त पडलं तरी भयंकर म्हणते. एका शिक्षकानं प्रलयकारी हातात घेऊन मला तासभर बायबलातल्या नोहाची, त्या महापुराची गोष्ट सांगितली. घर मात्र कुठल्याच शब्दाला कुणी चटकन सोडायला तयार नव्हतं. "आधी बघू," सगळे म्हणायचे, "आधी धूर तर दिसू दे."

दहा वाजता मी बाहेर पडले. चष्म्याची दांडी ढिली झालीय, ती शहरात जाऊन घट्ट करून आणायची होती. खरं म्हणजे घरात बसवत नव्हतं. मर्व्ह शेडमध्ये काहीतरी कानशीनं घासत बसला होता. त्याचा आवाज येत होता तोवर बरं वाटत होतं. फाटकाशी रेलीन भेटली. आमची शेजारीण, जीव लावणारी बाई, पण तोंडाला कुलूप नाही. "काय ऊन, कोरली, महाभयंकर," ती म्हणाली. "माझा गुडघा तर म्हणजे प्रलय चाललाय प्रलय. आणि जावयाचं काल ऐकलंस का? दारुण." मी हसून पुढे निघाले. मागून ती म्हणाली, "आणि मर्व्ह गं? भयंकर वाळलाय." मी हात हलवला. रेलीनच्या लेखी सगळं जगच भयंकर वाळलेलं असतं, कुणी किती मनावर घ्यायचं. फुटपाथवर जकारांडाची जांभळी फुलं पडून चिकट झाली होती, त्यावरून जपून चालत मी थांब्यावर गेले आणि आलेल्या ट्राममध्ये बसले.

ट्राममध्ये बसलं की मला नेहमी मर्व्हचे हात आठवतात. या रुळांवरच्या जुन्या गाडीचा एकही नट असा नसेल ज्याला त्याची बोटं लागली नसतील. ऑगस्टमध्ये तो साली कापत बसला होता तेव्हाही मी त्याच्या बोटांकडेच बघत होते. दोन दिवस कापत होता. एरवी एका सकाळी आटोपतो. मी म्हटलंही, "म्हातारा झालास." तो म्हणाला, "बारीक कापतोय. यंदा बारीक बऱ्या." साचा तीनचा, पण यंदा त्यानं दोनचा नवा बनवला होता. का, ते मी विचारलं नाही. माणूस चाळीस वर्षांनी साचा बदलतो आणि बायको विचारत नाही. मग मला टोस्ट आठवला. कडा काढलेला. पूर्वी कडा तोच खायचा, माझ्याही कडा ओढून घ्यायचा, म्हणायचा मऊ काय पोरंबाळं खातात. आता कडा अंगणात मॅगपायला जातात. तो पक्षी इतका माजलाय की दाराशी येऊन चोच आपटतो. मग सूप. "आज सूप करतेस का?" असं हा माणूस, ज्याला सूप म्हणजे जेवणाची वाट बघताना प्यायचं पाणी वाटतं, सप्टेंबरपासून आठवड्यातून चारदा म्हणतोय, आणि मला वाटत होतं, चला, वयाबरोबर शहाणपण आलं. कमरेच्या पट्ट्याला त्यानं स्वतः दोन नवी भोकं पाडली, माझ्यासमोर बसून, मापात. मी तेव्हा टीव्हीवर क्रिकेट बघत होते.  खिडकीतला रस्ता नुसताच मागे सरकत राहिला.

आणि मग इडा आठवली. म्हणजे ती सकाळपासूनच मनात दाराशी येऊन उभी असणार, आत आता आली. इडा नित्श्के, टेकड्यांमधल्या एका कच्च्या रस्त्याच्या शेवटच्या घरात राहणारी, चौऱ्याऐंशी वर्षांची जर्मन वंशाची म्हातारी. माझ्या पाहणीतलं शेवटचं घर. मी कार्डं मांडली. तिनं डोळ्यांजवळ नेऊन एकेक वाचलं, पुन्हा खाली ठेवलं आणि म्हणाली, "यात आमचा शब्द नाही, पोरी."

"कुठला, मिसेस नित्श्के?"

"'जरा साधारण'."

मी हसले. तिला हसू आलं नाही. तिनं सांगितलं, एकोणीसशे त्र्याऐंशीच्या वणव्याच्या दिवशी तिचा नवरा ब्रुनो पलीकडच्या शेतावर होता. दुपारी त्याचा फोन आला. म्हणाला, "इडा, इकडं जरा साधारण आहे." बस्स, फोन बंद. ती भांडी घासत होती. तिनं नळही बंद केला नाही. दोन नातवंडं, कुत्रा आणि सासऱ्यांचं बायबल गाडीत टाकलं आणि निघाली. वीस मिनिटांनी घर नव्हतं. ब्रुनो शेजाऱ्याच्या मेंढ्यांबरोबर शेततळ्यात गळ्यापर्यंत पाण्यात बसून वाचला. संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये भेटला तेव्हा भुवया जळालेल्या, अंगाला मेंढ्यांचा वास. त्यानं पहिलं काय विचारलं असेल? "वेळेत निघालीस ना?" आणि ती म्हणाली, "तू साधारण म्हणालास ना."

"आणि शेजारी?" मी विचारलं होतं. विचारायला नको होतं. इडानं कार्डांची गड्डी सारखी करत सांगितलं, "तिथला कर्ता पुरुष रोज सकाळी उठून काहीतरी भयंकर आहे म्हणायचा. त्या दिवशीही म्हणाला. कोणी हललं नाही. चांगली माणसं होती. नावं गावच्या स्मारकाच्या दगडावर आहेत." मग तिनं माझ्याकडचं एक कोरं कार्ड मागून घेतलं आणि त्यावर पेन्सिलीनं, थरथरत्या जुन्या वळणाच्या अक्षरात लिहिलं: जरा साधारण. ते मी ऑफिसात नेऊन दिलं. साहेब चांगला होता, त्यानं वाचलं, हसला, आणि म्हणाला की हे काही फलकावर लावता येणार नाही. त्याचंही बरोबरच होतं. मी कार्ड परत घेतलं आणि बाकीच्या सातांबरोबर शिवणाच्या डब्यात ठेवून दिलं. मर्व्हला गोष्ट सांगितली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "शहाणी बाई."

शहर यायला अजून चार थांबे होते. मी उतरले आणि रूळ ओलांडून उलट्या बाजूच्या ट्रामची वाट बघत उभी राहिले. रेलीननं मला फाटकाशी सांगितलं होतं आणि मी हात हलवला होता. शब्द खूप वापरले की झिजतात, हे मी घरोघर फिरून शिकले होते, त्याचा अहवालही लिहिला होता. पण झिजलेल्या शब्दातही कधी खरं असतं, हे काही मी शिकले नव्हते. आणि मर्व्हनं? न वापरलेला कोरा करकरीत शब्द त्यानं काढला आणि एका मुरंब्यावर टाकला. खरा जिथे टाकायचा होता तिथे टाकवेना म्हणून. ट्राम यायला नऊ मिनिटं होती. मी देवाला मानत नाही, तरी त्या नऊ मिनिटांत मी कुणाची तरी विनवणी करत होते.

बाराला घरी पोचले. मर्व्ह संत्र्याच्या झाडाखाली उलट्या बादलीवर बसला होता. समोर तो मॅगपाय, पोट सुटलेला.

"लवकर आलीस."

"मर्व्ह, सकाळपासून पोटात काय गेलंय?"

"काही नाही."

"चहा?"

"तू ओतलाच कुठं? किटली घेऊन पुतळा झाली होतीस."

"आणि तो टोस्ट?"

त्यानं पक्ष्याकडे बोट दाखवलं. "त्याला विचार. त्याला काही भीषण वाटला नाही. माझा घासही तिकडंच थुंकला, त्यानं तोही उचलला."

मी त्याच्यासमोर गवतावर बसले. माझे गुडघे आता बसताना आवाज करतात. "कधीपासून घास अडकतोय?"

  एवढं मला पाहणीत शिकवलं होतं, की प्रश्न विचारला की गप्प बसायचं, समोरच्याला घाई करायची नाही.

"जुलैपासून," तो म्हणाला.

"मुरंबा आपण ऑगस्टमध्ये केला."

"हो."

"म्हणजे तू साली कापत बसला होतास तेव्हा..."

"तेव्हा साली कापत होतो." आणि मग, "बारीक कापल्या तर जातील वाटलं. महिनाभर गेल्या."

मला त्याचा इतका राग आला की त्याच बादलीनं त्याला झोडपावं. आणि इतकी माया आली की काय करावं कळेना. दोन मिलिमीटरचा साचा बनवून मरण चुकवायला निघालेला माझा फिटर. मी त्याच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली, ती खरं तर नीटच बांधलेली होती. त्यानं खिशातून चौघडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. इस्पितळाचं पत्र. घशातून कॅमेरा घालून तपासणी. वर डॉक्टरांच्या हातानं लिहिलेलं, 'तातडीची'. तारीख आजची. वेळ दुपारी अडीच.

"आणि तू मला चष्म्याला जाऊ दिलंस."

"जाणार नव्हतो मी. ख्रिसमसला ताम्सिन येतेय, बाळ घेऊन. पोरगी दोन वर्षांनी येतेय घरी. तेवढं होऊ दे म्हटलं. जानेवारीत बघू."

"आधी धूर दिसू दे," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही. पुढं बोल."

"पत्रात लिहिलंय, रात्रीपासून पोट रिकामं हवं. म्हटलं, सकाळी टोस्ट खाऊनच टाकावा. खाल्लं असेल तर घेत नाहीत ते. म्हणजे मी नाही म्हणायला नको, त्यांनीच म्हणावं." तो हसल्यासारखा झाला. "तर खाली जाईना. खायचं म्हणून खायला बसलो तर तेवढंही जमेना. मग राग आला."

"मुरंब्याचा?"

"कोणाचा तरी यायला हवा ना."

मी घरात गेले. शिवणाचा डबा काढला. तो मागोमाग आला आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी त्याच्या खुर्चीत बसला. मी सातही कार्डं त्याच्यासमोर मांडली, पूर्वी मांडायची तशी, कडेला कड लावून.

"दुकान पुन्हा उघडलंस होय?" तो म्हणाला.

"गप्प बस. अनोळखी माणसाला विचारते तसं विचारते. साहेब, यातला कुठला?"

त्यानं चष्मा लावला. वाईट वाचलं, गंभीर वाचलं. भीषणवर किंचित थांबला आणि मान हलवली, ते मुरंब्यापुरतंच होतं हे दोघांनाही कळलं. प्रलयकारीपर्यंत जाऊन त्यानं चष्मा कपाळावर ढकलला. "यात माझं काही नाही, कोरली. ही मोठ्या माणसांची कार्डं आहेत."

मग मी डब्याच्या तळाचं आठवं काढलं आणि सातांच्या खाली ठेवलं. पेन्सिल पुसट झाली होती, पण वाचता येत होती. तो त्याकडे बघत राहिला.  मला वाटलं, आता हा 'ठीक' म्हणेल, आणि तो ठीक म्हणाला तर मी काय करायचं हे मला माहीत नव्हतं. त्यानं उजव्या हाताची पहिली दोन बोटं उचलली, ज्यांनी आयुष्यभर नट पारखले ती, आणि आठव्या कार्डावर ठेवली.  

"हे," तो म्हणाला.

मी उठले. सिंकमध्ये सकाळची भांडी तशीच होती, मुरंब्याची बरणी उघडी होती, तिच्यावर एक माशी बसली होती. बसू दे म्हटलं. गाडीची किल्ली घेतली, पत्र घेतलं, त्याची टोपी घेतली.

"अजून साडेबाराच झालेत," तो म्हणाला. "इस्पितळ दहा मिनिटांवर आहे."

"तिथं बसू."

"दोन तास?"

"मला आवडतं तिथं. चल."

गाडी चालवायची म्हटलं की एरवी आमचं फाटकापर्यंत भांडण असतं. आज तो काही न बोलता डाव्या बाजूला बसला आणि पट्टा स्वतः लावला. रेलीन कुंपणावरून वाकून म्हणाली, "कुठं निघालात भर उन्हात? ऊन भयंकर आहे." मी काच खाली करून तिला म्हटलं, "खरंय गं रेलीन. तुझं खरं होतं." ती बिचारी गोंधळली. मी गाडी मागे घेतली. आरशात संत्र्याचं झाड दिसत होतं, त्याखालची उलटी बादली, आणि बादलीवर ऐटीत चढून बसलेला तो पक्षी.

मर्व्हनं टोपी मांडीवर घेतली आणि तिची कड बोटांनी सरळ करत राहिला. फाटकाबाहेर पडताना, रस्त्याकडे बघतच, तो म्हणाला, "कोरली, वेळेत निघालो ना गं आपण?"

"तू साधारण म्हणालास ना," मी म्हटलं, आणि गाडी रस्त्यावर घेतली.